मोबाइलवर पुस्तक नेताना लेखक-प्रकाशकांनी नेमकं काय बदलावं?

टाकबोरू
छपाईला गेलेली पीडीएफ उचलून ॲपवर चढवली की डिजिटल आवृत्ती झाली, असं अजूनही बरेच प्रकाशक धरून चालतात. जरा हिशोब करून पाहा. डेमी आकाराचं पान ५.५ इंच रुंद असतं. ६.५ इंची फोन उभा धरला तर पडदा जेमतेम २.७ इंच रुंद भरतो. पान निम्म्यावर येतं आणि ११ पॉइंटचा मजकूर साडेपाच पॉइंटचा होतो. मग वाचक दोन बोटांनी अक्षर मोठं करतो, प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे ढकलत बसतो आणि थोड्याच वेळात पुस्तक बंद करतो.

माझं म्हणणं असं, की ‘पान’ हे माप डोक्यातून काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मजकूर एकदाच नीट तयार करावा: युनिकोडमध्ये (अक्षरसंकेतांच्या जगभर एकच असलेल्या पद्धतीत), शीर्षकं-उपशीर्षकं-टिपा यांना आपापली खूण लावून. मग छापील पुस्तक, ईपब (पडद्याप्रमाणे ओळी जुळवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल), ऑडिओची संहिता हे सगळं त्यातूनच काढावं. आज नेमकं उलटं चालतं.

दोन प्रश्न आहेत. जुन्या पुस्तकांची मोठी यादी असलेल्या छोट्या प्रकाशकानं सुरुवात कुठून करावी? आणि मोबाइलसाठी लेखकानं लिहिण्यातच काही बदलावं का?

रफार
सुरुवात फॉन्टपासून. जुनी पुस्तकं पेजमेकर किंवा क्वार्क या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत लागलेली असतात. त्यांतल्या युनिकोडपूर्व फॉन्टांच्या फाइलीत देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि त्यांच्या जागी देवनागरी आकार दिसतात एवढंच. असा मजकूर शोधता येत नाही, मोठ्यानं वाचून घेता येत नाही, आणि फॉन्ट बदलला की कचरा होतो.

जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा, पण तो कुठे चुकतो ते आधी माहीत हवं:

ऱ्हस्व वेलांटी. जुन्या फॉन्टात ती व्यंजनाआधी टाइप होते, युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते. जोडाक्षर आलं की ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. ‘व्यक्ती’पेक्षा ‘स्थिती’, ‘शक्तिमान’, ‘अस्थिर’ असे शब्द तपासा.

रफार. जुन्या फॉन्टात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ‘कर्तृत्व’, ‘मूर्ती’, ‘वार्षिक’ यांवर नजर ठेवा. रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर आले की चूक जवळजवळ ठरलेली.

मजकुरात मध्येच आलेले इंग्रजी शब्द. कन्व्हर्टर त्यांचीही ‘देवनागरी’ करून टाकतो. ते आधी वेगळ्या रंगात खुणावून ठेवावेत.

अवतरणचिन्हं, डॅश आणि अवग्रह यांचे संकेत फॉन्टागणिक वेगळे असतात. एका प्रकाशकाकडे तीन फॉन्ट वापरले असतील तर कोणत्या संकेताच्या जागी कोणतं अक्षर याचे नकाशेही तीनच करावे लागतात.

अर्धचंद्र
रफार यांच्या यादीत दोन गोष्टी जोडतो.

एक, ‘ऱ्य’. कन्व्हर्टर बहुतेक वेळा त्याचा ‘र्य’ करतो. ‘आचाऱ्यांना बोलावलं’ आणि ‘आचार्यांना बोलावलं’ यांत घरचं कार्य बदलतं, आणि शब्दतपासनीसाला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात. म्हणून ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेले सगळे शब्द शोधून हातानंच पाहावे लागतात. बरोबर पद्धत म्हणजे नुक्ता असलेला ऱ, त्याला हलन्त, मग य. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) टाकतात. दिसायला सारखंच, पण शोधताना दोन वेगळे शब्द. एका पुस्तकात एकच पद्धत ठेवा.

दोन, ‘ॲ’. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र चढवलेला असतो. सगळीकडे शोधून एकसारखं करून घ्यायचं.

पानकळा
मूळ फाइलच हाती नसेल तर? बऱ्याच जुन्या पुस्तकांची फक्त छापील प्रत उरलेली असते.

रफार
मग स्कॅन आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर. ३०० डीपीआयच्या खाली स्कॅन करू नका, टाइप बारीक असेल तर ४००. पान सपाट हवं. शिवणीकडची ओळ वाकली की शिरोरेषा वाकते आणि ओसीआर तिथेच अडखळतो. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये मराठीची सोय आहे. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या, ‘ख’चा ‘रव’ आणि गळालेले अनुस्वार ही नेहमीची दुखणी. दोन वेगळ्या माणसांनी दोनदा वाचणं याला पर्याय नाही. पहिल्यानं मूळ प्रतीशी ताडून, दुसऱ्यानं नुसतं वाचक म्हणून.

१९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं पुस्तक असेल तर अनुच्चारित अनुस्वार ठेवायचे की काढायचे हे कामाआधी ठरवा आणि तसं पुस्तकात छापा. अर्ध्यात निर्णय बदलला तर सगळं पुन्हा वाचावं लागतं.

उभा_दंड
पीडीएफवरून कॅलिबर या सॉफ्टवेअरनं थेट ईपब करता येतो की. इतका खटाटोप कशाला?

टाकबोरू
करता येतो, पण वाचता येत नाही. पीडीएफमध्ये परिच्छेद ही गोष्ट बहुधा नसतेच. कोणता आकार कुठे काढायचा याच्या सूचना असतात. त्यामुळे प्रत्येक छापील ओळ वेगळा परिच्छेद होते, पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पानक्रमांक वाक्याच्या मधोमध येतात, आणि देवनागरीत मात्रांचा क्रम विस्कटतो तो वेगळाच. तो ईपब साफ करण्यापेक्षा मूळ मांडणीच्या फाइलीतून मजकूर काढून वर्डमध्ये नव्यानं स्टाइल लावणं कमी वेळात होतं.

वर्डमध्ये एवढं पाळा: प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग १’, उपशीर्षकाला ‘हेडिंग २’. परिच्छेदांत अंतर हवं म्हणून एंटर मारायचा नाही, ओळ आत घ्यायला स्पेस किंवा टॅब द्यायचा नाही. प्रसंग बदलताना नुसती कोरी ओळ सोडायची नाही, तीन फुल्या टाकायच्या. कोरी ओळ पडद्याच्या तळाशी आली तर वाचकाला दिसतच नाही.

मात्राकाना
टाकबोरू, मांडणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण देवनागरीचे प्रश्न रोमन लिपीवर बेतलेल्या मार्गदर्शकांत सापडत नाहीत.

ओळींतलं अंतर पिक्सेलमध्ये देऊ नका. अक्षराच्या १.५ ते १.७ पट ठेवा. रोमनला १.३ चालतं. आपल्याकडे खाली ‘तू’, ‘कृ’, ‘द्ध्व’ आणि वर ‘र्कीं’ असं एकाच वेळी येतं, कमी अंतरात त्यांची टक्कर होते.

अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. शीर्षक उठून दिसावं म्हणून डिझायनर ते वाढवतो आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. शीर्षक मोठं किंवा ठळक करा, ताणू नका.

दोन्ही कडा जुळवलेली मांडणी फोनवर नको. एका ओळीत चार-पाच शब्दच मावतात. ‘महाविद्यालयातल्यासारखं’ असा लांब शब्द खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत भगदाडं पडतात. डावी कडा जुळवा, उजवी मोकळी सोडा.

प्रकरणाचं पहिलं अक्षर मोठं करायची हौस टाळा. सुरुवात ‘स्त्रि’ किंवा ‘क्षि’नं झाली तर काही रीडर जोडाक्षर फोडून अर्धंच मोठं करतात.

फॉन्ट सोबत द्यायचा असेल तर परवाना पाहा. मांडणीसाठी विकत घेतलेल्या फॉन्टच्या परवान्यात तो ईपबमध्ये भरायची मुभा असेलच असं नाही. ‘मुक्त’, ‘बालू’, ‘नोटो’ हे खुल्या परवान्याचे आहेत. आकार कमी करायला फॉन्टमधली न लागणारी अक्षरं काढताना जोडाक्षरांचे नियम असलेला तक्ता उडवला जातो आणि सगळीकडे पाय मोडलेली अक्षरं दिसू लागतात. ही चूक अगदी नेहमीची.

आणि फाइलीत भाषेचा संकेत मराठीचा द्या, हिंदीचा किंवा इंग्रजीचा राहू देऊ नका. मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर त्यावरून आवाज निवडतं. ज्या फॉन्टात सोय आहे तिथे मराठी वळणाचे ल आणि श त्यावरूनच येतात.

शब्दमूठ
कवितेचं काय? फोनवर कवितेची पार वाट लागते. ओळ कुठे संपली आणि कुठे नुसती मोडली ते कळत नाही.

मात्राकाना
कवितेची प्रत्येक ओळ स्वतंत्र परिच्छेद करायची. डावा समास २ एम (एम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप), पहिल्या ओळीचा इंडेंट उणे २ एम. ओळ लांब पडून मोडली तर उरलेला भाग आत सरकलेला दिसतो, आणि ही कवीची नवी ओळ नाही हे वाचकाला लगेच कळतं. कडवं फुटू नये म्हणून ते एका गटात ठेवा, पण लांब कडव्याला हा आग्रह धरू नका. नाहीतर आधीचा अर्धा पडदा कोरा राहतो. ओव्या-अभंगांना हीच पद्धत. कवितेचं चित्र करून टाकणं हा शेवटचा पर्यायसुद्धा नाही: अक्षर मोठं होत नाही, शोध लागत नाही, अंध वाचकाला काहीच मिळत नाही.

शब्दमूठ
हे फार कामाचं आहे. धन्यवाद.

उभा_दंड
चित्रं आणि तक्त्यांबद्दलही कोणीतरी लिहा.

अर्धचंद्र
छायाचित्रं जेपीईजीमध्ये, रेषाचित्रं पीएनजीमध्ये, रुंदी साधारण १२०० ते १६०० पिक्सेल. पारदर्शक पार्श्वभूमीचं काळ्या रेषांचं चित्र रात्रीच्या काळ्या पडद्यावर अदृश्य होतं, म्हणून पांढरी पार्श्वभूमी भरा. तीनपेक्षा जास्त रकान्यांचा तक्ता फोनवर टिकत नाही. प्रत्येक आडव्या ओळीची छोटी नोंद करा. चित्राखाली ओळ असतेच, शिवाय चित्राचं वर्णनही भरा. युरोपीय संघात विकायच्या ई-पुस्तकांना २८ जून २०२५ पासून सुगम्यतेचा, म्हणजे अपंग वाचकांनाही पुस्तक वापरता यावं यासाठीचा, कायदा लागू झाला आहे. कायदा नसता तरी ते करायलाच हवं.

फाइलीच्या आकाराची भीती मजकुरासाठी बाळगू नका. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो. शब्दाला सरासरी ६ संकेत धरले तर ५०,००० शब्दांची कादंबरी १ एमबीच्या आतच, आणि ईपब मुळात झिप असल्यानं तीही आक्रसते. फाइल फुगते ती चित्रांनी. किंडलवर (ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात) ७० टक्के मानधनाचा पर्याय घेतला तर फाइलीच्या आकारानुसार पोहोचवण्याचा खर्च वजा होतो, तेव्हा हा मुद्दा थेट लेखकाच्या पैशाचा आहे.

पानकळा
दुसऱ्या प्रश्नाकडे येते. लेखकानं लिहिण्यात बदल करावाच. फोनच्या एका पडद्यावर सोयीच्या अक्षरात साधारण शंभरएक शब्द मावतात. दोनशे शब्दांचा परिच्छेद म्हणजे सलग दोन पडदे कुठेही थांबा नाही. परिच्छेद लहान हवेत, प्रकरणं १,००० ते १,५०० शब्दांची हवीत, आणि प्रत्येक प्रकरणानं पुढचं उघडायला लावलं पाहिजे.

टाकबोरू
पानकळा, इथे माझा ठाम विरोध. क्रमशः कथेसाठी तुमचं बरोबर आहे. पण वैचारिक लेखनात परिच्छेद हे विचाराचं माप आहे, पडद्याचं नाही. तर्काची साखळी मधेच तोडून तुकडे केले तर वाचक भराभर सरकतो आणि मुद्दा निसटतो. लांब लेखनाला उपशीर्षकं द्या, अनुक्रमणिका दुव्यांची करा, तळटीप टिचकी मारताच तिथल्या तिथे उघडेल अशी करा. ईपब ३मध्ये त्याची सोय आहे. वाचकाला परत आपल्या जागी येता आलं, की लांब परिच्छेदही वाचला जातो.

पानकळा
टिपांचं मान्य. पण प्रकाराप्रमाणे लिहिणं म्हणजे विचार पातळ करणं नव्हे. क्रमशः लेखन हे वेगळं शिस्तीचं काम आहे. वार ठरलेला हवा. पहिला भाग टाकण्याआधी पुढचे निदान आठ-दहा भाग लिहून तयार हवेत, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात खंड पडतो आणि गेलेला वाचक परतत नाही. प्रत्येक भागाच्या पहिल्या दोन वाक्यांत कोण, कुठे आहे हे कळलं पाहिजे, पण ‘मागील भागात’ असा सारांश न देता, घटनेतूनच. आठ दिवसांनी येणाऱ्या वाचकाला दहा नावं आठवत नाहीत. पात्रांची नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होणारी ठेवली तरी बराच फरक पडतो.

हीच कथा पुढे पुस्तकात आणताना ती नव्यानं बांधावी लागते. भागाच्या शेवटचे झटके सलग वाचताना खटकतात आणि ओळख पुन्हा पुन्हा येते. ते संपादन प्रकाशकानं करायचं असतं.

शाईदौत
आणि क्रमशः टाकण्याआधी अटी वाचा! प्रकाशनाचा परवाना त्या मंचाला एकट्याला दिला आहे की नाही, किती काळाचा, काढून घेता येतो का? किंडलच्या ‘सिलेक्ट’ योजनेत पुस्तक ९० दिवसांसाठी डिजिटल रूपात फक्त तिथेच ठेवायचं बंधन असतं. त्या काळात तीच कथा स्वतःच्या ब्लॉगवर पडून राहिली तरी अट मोडते. छापील आवृत्तीला हे बंधन नाही.

जुन्या पुस्तकांच्या करारांबद्दल कोणी बोललं नाही. खरं तर तांत्रिक कामाच्या आधी तोच प्रश्न येतो. करारात नुसतं ‘पुस्तकरूपात’ छापण्याचा हक्क दिला असेल तर डिजिटल हक्क प्रकाशकाकडे आला असं गृहीत धरता येत नाही. २००१ साली अमेरिकेत रँडम हाउस विरुद्ध रोझेटा बुक्स या खटल्यात नेमका हाच वाद होता. ‘पुस्तकरूपात’ या शब्दांत ई-पुस्तक येत नाही असं मानून न्यायालयानं रँडम हाउसला अंतरिम मनाई हुकूम नाकारला. पुढे दोघांनी तडजोड केली. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण धडा घेण्यासारखा आहे: ई-पुस्तक, ऑडिओ, क्रमशः प्रसिद्धी आणि अनुवाद हे हक्क करारात वेगवेगळ्या कलमांत हवेत, प्रत्येकाला मुदत हवी. मानधन छापील किमतीवर की प्रत्यक्ष हाती आलेल्या रकमेवर, हे स्पष्ट हवं. मुखपृष्ठाचा चित्रकार आणि आतली छायाचित्रं यांचे डिजिटल हक्कही पाहावे लागतात. लेखकाची संमती घेतली आणि चित्रकाराला विचारलंच नाही, असं सर्रास होतं.

उभा_दंड
चोरीचं काय? ईपब दिला की तो दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फिरतो, ही प्रकाशकांची खरी भीती आहे.

शाईदौत
छापील पुस्तक स्कॅन होऊनही फिरतंच. फाइलीला डिजिटल कुलूप लावल्यानं प्रामाणिक वाचकाला फोन बदलताना त्रास होतो. खरेदीदाराची खूण फाइलीत उमटवण्याचा मार्ग मला जास्त पटतो. वाचकाला अडचण नाही आणि उघड वाटणारा थोडा कचरतो. चांगली अधिकृत आवृत्ती नावानं शोधताच सापडली पाहिजे, हे त्याहून महत्त्वाचं.

मुखपृष्ठ_मागे
सापडण्यावरूनच. पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव देवनागरीत तर हवंच, पण रोमन लिपीतलं रूपही माहितीत भरा. कित्येक मराठी वाचक शोध रोमनमध्येच टाइप करतात. लेखकाच्या नावाचं एकच रूप ठरवा. कुठे आद्याक्षरं, कुठे पूर्ण नाव असं केलं की एका लेखकाची दुकानात दोन पानं होतात. परिचयाच्या पहिल्या दोन ओळीच फोनवर दिसतात, त्या ‘सुप्रसिद्ध साहित्यिक’ यात घालवू नका. पुस्तक कशाबद्दल आहे ते लिहा.

मुखपृष्ठ किंडलसाठी २५६० बाय १६०० पिक्सेल द्या, पण तपासा ते अंगठ्याच्या नखाएवढं करून. नाव वाचता येत नसेल तर डिजिटल आवृत्तीला वेगळं मुखपृष्ठ करा. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) द्यायचा असेल तर तोही छापील आवृत्तीचा चालत नाही, स्वतंत्र घ्यावा लागतो.

आणि आपल्या पुस्तकांची लाडकी सवय: प्रस्तावना, दुसरी प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश, अर्पणपत्रिका. फुकट नमुना पुस्तकाच्या पहिल्या भागातून कापला जातो, किंडलवर साधारण १० टक्के, गूगल प्लेवर २० टक्क्यांपासून. पातळ कथासंग्रह असेल तर वाचकाला नमुन्यात फक्त आभार मिळतात, कथा एकही नाही. अर्पणपत्रिका पुढे ठेवा, बाकी सगळं मागे न्या.

शब्दमूठ
प्रस्तावनाकार रुसतील!

मुखपृष्ठ_मागे
छापील प्रतीत पुढेच राहू द्या त्यांना. एका मजकुरातून दोन आवृत्त्या काढायच्या तर क्रम वेगळा ठेवता येतो.

टाकबोरू
आता सगळं वाचून माझ्याच पहिल्या प्रश्नाकडे येतो. छोट्या प्रकाशकानं पूर्ण यादीला एकदम हात घालू नये. शाईदौत म्हणतात तसे आधी करार चाळून ज्यांचे डिजिटल हक्क स्पष्ट आहेत ती पुस्तकं वेगळी काढावीत. त्यांतून पहिल्या फेरीला साधं गद्य घ्यावं, चित्रं-तक्ते-कविता नसलेलं. रफार आणि अर्धचंद्र यांनी सांगितलेल्या चुकांची शोधयादी त्या पुस्तकांवर पक्की होईल. कविता आणि संदर्भग्रंथ त्यानंतर.

रफार, तपासणीचा क्रम कसा असावा?

रफार
आधी ईपबचेक, म्हणजे ईपब फाइलीतल्या चुका शोधणारं सॉफ्टवेअर. एकही एरर राहता कामा नये, वॉर्निंग प्रत्येक वाचून ठरवायची. मोबी (किंडलचा जुना फाइलप्रकार) करत बसू नका. साध्या, अक्षर लहान-मोठं करता येणाऱ्या पुस्तकांसाठी किंडलनं ती फाइल २०२१ मध्येच घेणं थांबवलं, ईपब द्यावा.

मग प्रत्यक्ष उपकरणं: एक जुना छोटा अँड्रॉइड, एक मोठ्या पडद्याचा, एक आयफोन. प्रत्येकावर अक्षर सर्वांत मोठं करून, काळा पडदा लावून, आणि फोन आडवा करून पाहायचं. पुस्तकातले दहा अवघड शब्द काढून ठेवा, ‘ऱ्य’, ‘र्ह’, ‘द्ध्व’, ‘ङ्म’ असलेले, आणि ते शोधपेटीत टाइप करून सापडतात का बघा. सापडले नाहीत तर डोळ्यांना बरोबर दिसत असले तरी आतून चुकलेले आहेत. शेवटी एक प्रकरण फोनकडून मोठ्यानं वाचून घ्या. निसटलेला अनुस्वार कानाला लगेच लागतो.

पानकळा
ऑडिओ पुस्तकाची संहिताही यातूनच निघेल ना?

मात्राकाना
निघेल, पण आकडे, संक्षेप आणि कंस सोडवून. ‘इ.स.पू.’, ‘पृ.’ हे निवेदकानं कसं म्हणायचं ते लिहून द्या, परक्या नावांच्या उच्चारांची यादी जोडा. तळटिपा एकतर मजकुरात विणा नाहीतर वगळा. ध्वनीसाठी ऑडिबल या ऑडिओ पुस्तकांच्या कंपनीच्या एसीएक्स मंचाचे निकष धरले तर बहुतेक ठिकाणी चालतं: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, शिखर उणे ३च्या वर नाही, खोलीचा आवाज उणे ६०च्या खाली, ४४.१ किलोहर्ट्झ, १९२ केबीपीएसची एमपी३. प्रत्येक प्रकरण वेगळी फाइल.

उभा_दंड
एक राहिलं. छापील पुस्तकाच्या शेवटची सूची पानक्रमांकांवर असते. ती काढून टाकायची का?

अर्धचंद्र
काढू नका. ईपबमध्ये छापील पानांच्या खुणा मजकुरात पेरता येतात, त्यांची यादी देता येते आणि सूचीतला प्रत्येक आकडा त्या खुणेला जोडता येतो. अभ्यासकांना संदर्भ देताना छापील पानक्रमांकच लागतो. कोणत्या आवृत्तीची पानं धरली आहेत ते मात्र हक्कांच्या पानावर लिहा, डिजिटल फाइलीचा आवृत्तिक्रमांक आणि तारीखही तिथेच. चूक सुधारून नवी फाइल चढवली तरी आधी घेतलेल्या प्रत्येकाच्या फोनवर ती आपोआप पोहोचतेच असं नाही. क्रमांक असला तर वाचकानं कळवलेली चूक जुन्या फाइलीतली आहे की नव्या, ते लगेच ठरवता येतं.